एक हत्ती जास्त, दोन सेकंद बाकी

बुद्धिबळ हा शांत डोक्यानं खेळायचा खेळ आहे असं ज्यानं कुणी म्हटलं, तो तीन मिनिटांचा ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव नक्कीच खेळलेला नसणार.

प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे 180 सेकंद. चाळीस चाली धरल्या तर चालीमागे साडेचार सेकंद येतात. कागदावर भरपूर वाटतात. त्यात सुरुवातीच्या आठ-दहा चाली पाठच असतात, त्या टपाटप पडतात आणि आज आपल्याकडे वेळच वेळ आहे असा भ्रम होतो. मग प्रश्न येतो, हत्ती या घरात आणू की शेजारच्या? दोन्ही घरं सारखीच बरी. नेमका इथेच माझ्यातला तत्त्वज्ञ जागा होतो. जिथे वजीर जायची वेळ आलेली असते तिथे मी दोन सेकंदांत खेळून मोकळा, आणि जिथे काहीही खेळलं तरी चालतं तिथे माझी समाधी लागते. डोळे उघडतात तेव्हा घड्याळात पस्तीस सेकंद असतात आणि हत्ती अजून जागचा हललेला नसतो.

पूर्वीच्या लोकांची चैन होती. स्पर्धांमध्ये घड्याळच नसायचं. समोरचा तासन् तास विचार करत बसला तरी आपण दाढी कुरवाळत बसायचं. मग वाळूची घड्याळं आली आणि 1883 च्या लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ. तेव्हापासून माझ्यासारख्यांचे हाल सुरू झाले.

समोरासमोर बसून खेळताना तर हातांचीही परीक्षा असते. ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळाचं बटण. डावा हात नुसता मांडीवर बसून तमाशा बघतो. शेवटच्या दहा सेकंदांत उंट उचलताना बाही अडकते, राजा आडवा होतो, जाता जाता दोन प्याद्यांनाही लोळवतो. नियम असा, की ज्यानं पाडलं त्यानंच उभं करायचं, आणि तेही स्वतःच्या वेळात. समोरचा हात बांधून इतक्या सभ्यपणे बघत असतो की त्याचा राग येतो. टेबलाखाली घरंगळलेलं प्यादं शोधायला वाकावं, तर वर घड्याळ चालूच.

माजी जगज्जेता बॉबी फिशर याचे मात्र उपकार आहेत. प्रत्येक चालीगणिक काही सेकंद परत देणाऱ्या घड्याळाचं पेटंट त्यानं 1989 मध्ये मिळवलं. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेतही तीन मिनिटं आणि चालीला दोन सेकंद जादा मिळतात. दोन सेकंदांत काही सुचत नाही, पण शह देता येतो. शहाला उत्तर द्यावंच लागतं, तेवढ्यात आपण श्वास घेतो. मी असे अनेक शह दिले आहेत ज्यांना श्वासापलीकडे काही अर्थ नव्हता.

जादा सेकंद नसलेल्या डावात मात्र शुद्ध लूटमार चालते. मी एका हत्तीनं पुढे, समोरच्याकडे राजा आणि पटाच्या कडेला जन्मापासून न हललेलं एक प्यादं. तो राजा नुसता इकडून तिकडे नाचवतो, कारण त्याला माझी नाही, माझ्या घड्याळाची मात करायची असते. माझा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपला, तर मी हरलो. पण त्याच्याकडे एकटा राजा उरला असेल तर त्याला मात करणंच अशक्य, म्हणून डाव बरोबरीत. सगळा फरक त्या एका प्याद्याचा. मात शोधत बसणारे हुशार लोक इथेच बुडतात.

म्हणून माझा हत्ती आता मातेच्या नादी न लागता आधी ते प्यादं खातो. मग खुशाल वेळ संपू दे. घरी कुणी विचारलंच तर ‘बरोबरी झाली’ एवढं सांगायचं. समोरच्याकडे फक्त राजा होता, हे कुणी विचारत नाही.