काका, स्क्रीनवर काय दिसतंय?

लहान ऑफिसात 'कॉम्प्युटरचं जरा तूच बघ' असं कुणी सहज म्हटलं, की ती कायमची नेमणूक समजावी. माझी झालेली आहे. सगळी मशीन घरून चालवता येतील अशी रिमोटची सोय करून दिल्यापासून मालकांची ठाम समजूत आहे, की मी घरी लोळत पडलो तरी ऑफिस चालतं. चालतं की! फक्त मशीन आधी चालू पाहिजे.

गोम तिथेच आहे. रिमोट डेस्कटॉप म्हणा, एनीडेस्क म्हणा, ही मंडळी विंडोज उठल्यावर कामाला लागणारी. मशीन त्याआधीच 'कीबोर्ड सापडत नाही, एफ१ दाबा' म्हणून अडून बसलं (कीबोर्डच नाही तर दाबायचं कशानं, हे विचारायचं नाही), की माझ्या हाती उरतो फोन. पलीकडे अकाउंटवाले काका.

"काका, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काही नाही."

"काळी आहे की निळी?"

"काळी. वर इंग्रजीत बरंच काहीबाही आहे."

"वाचा ना."

"गेलं ते. मी बंद केलं."

पुन्हा चालू करवलं, मागची केबल घट्ट बसवून घेतली. "आता कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबा."

"तिन्ही? एका हातात फोन आहे."

"स्पीकरवर टाका."

"टाकतो," म्हणाले आणि फोन कट.

बरं, विंडोज उठलं तरी सुटका नाही. मी रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो, की काकांच्या समोरचा स्क्रीन लॉक होतो. काकांना वाटतं मशीन गेलं. ते पासवर्ड टाकतात, मी बाहेर. मी परत शिरतो, ते बाहेर. एकावेळी एकच माणूस, हा विंडोजचा नियम. काकांना तो मान्य नाही.

बंद मशीन दुरून उठवायचीही युक्ती असते, वेक-ऑन-लॅन. नेटवर्कवर १०२ बाइटचं पाकीट सोडायचं: आधी सहा वेळा एफएफ, मग मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, ओळीने सोळा वेळा. इतका जप केला तर देवही उठेल. आमचं मशीन उठत नाही, कारण काका निघताना भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज वाचते म्हणे.

यावर खरा इलाज आहे. सर्व्हरमध्ये देखरेखीची वेगळी चिप असते, कुणी तिला आयलो म्हणतं, कुणी आयड्रॅक. त्यासाठीचं आयपीएमआय हे मानक १९९८ पासून आहे. वायरीत वीज असली की मशीन बंद असतानाही ही चिप जागी. बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅमचा, तो काळा स्क्रीन थेट घरी दिसतो, एफ१सुद्धा घरूनच दाबता येतं. साध्या मशीनला ही चिप नसते, पण केव्हीएम ओव्हर आयपीचा, म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस नेटवर्कवरून दुरून वापरू देणारा, डबा जोडला की तेच काम होतं. मी मालकांना हे रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे स्क्रीन बघायचा आणि बटणं दाबायची?"

"हो."

"मग काका आहेत की."

रिमोट डेस्कटॉपचं दार म्हणजे ३३८९ नंबरचा पोर्ट. तो सरळ इंटरनेटवर कुणालाही उघडा ठेवावा, व्हीपीएनच्या सुरक्षित खासगी वाटेची कटकट कशाला, ही सूचनाही त्यांचीच. तेवढी मात्र मी हाणून पाडली.

तरी माझं गाऱ्हाणं अगदीच वाया गेलं नाही. परवा खर्च मंजूर झाला. काकांना हेडफोन आलाय. आता त्यांचे दोन्ही हात मोकळे.