कानाला हेडफोन लावून बसलेला नट

लिफ्टमधला तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. पूर्व बर्लिनमधली एक उंच इमारत. श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा कॅप्टन वीसलर घरी चाललाय. लिफ्टमध्ये एक चेंडू येतो आणि चेंडूमागून एक लहान मुलगा. तो विचारतो, तुम्ही खरंच श्टाझीत आहात का? श्टाझी म्हणजे काय, माहितीये का तुला, असं वीसलर विचारतो. हो, वाईट माणसं असतात, लोकांना तुरुंगात टाकतात, माझे बाबा म्हणतात. वीसलरच्या तोंडून प्रश्न निघतो, "असं? मग नाव काय तुझ्या..." आणि तो अडखळतो. "माझ्या काय?" मुलगा विचारतो. मध्ये थोडी शांतता. "...चेंडूचं?"

"तुझ्या बाबांचं" हे शब्द ओठांवर येऊन परत गेलेले आपल्याला स्पष्ट दिसतात. नोकरीत मुरलेली सवय आणि त्या सवयीला पहिल्यांदाच बसलेला लगाम, दोन्ही त्या अडखळण्यात आहे. नटाचं नाव उल्रिख म्यूहे. चित्रपट 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स', 2006.

या भूमिकेबद्दल लोक नेहमी म्हणतात, "काहीच न करता काय काम केलंय!" कौतुकानेच म्हणतात, पण मला ते पटत नाही. म्यूहे या चित्रपटात सतत एक काम करतोय. तो ऐकतोय. माळ्यावर खुर्ची, टाइपरायटर, कानाला हेडफोन. ज्यांच्यावर पाळत ठेवायची ते लेखक आणि अभिनेत्री खालच्या घरात. समोर सहकलाकार नाही, वाक्यं नाहीत, आणि तरी त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर उमटते. नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा, बोलण्यापेक्षा ऐकणं किती अवघड असतं. समोरच्याचं वाक्य पाठ असतं, आपलं वाक्य तोंडात तयार असतं, आणि तरी ते पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं घ्यायचं असतं. हे एका चित्रपटाच्या तयारीत येत नाही. त्यामागे सत्तावीस वर्षांची रंगभूमी होती, आणि म्यूहेबद्दल लिहिताना नेमकी तीच दोन ओळींत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं.

म्यूहेचा जन्म 1953 चा, सॅक्सनीतल्या ग्रिमा गावचा. वडील फरचे कपडे शिवणारे कारागीर. मुलगा आधी बांधकाम शिकला, मग सक्तीच्या लष्करी सेवेत त्याला नेमकी बर्लिनच्या भिंतीवर पहाऱ्याची ड्यूटी मिळाली. तिथे पोटात अल्सर झाले आणि तो त्या सेवेतून सुटला. नंतर लाइपझिगच्या नाट्यविद्यालयात चार वर्षं आणि 1979 पासून कार्ल-मार्क्स-श्टाट (आजचं केम्निट्झ) इथल्या थिएटरात नोकरी. तिथून नाटककार हायनर म्युलरने त्याला 'मॅकबेथ'साठी बर्लिनला आणलं, आणि 1983 मध्ये तो डॉइचेस थिएटरच्या संचात दाखल झाला.

पूर्व जर्मनीची रंगभूमी मराठी नाटकवाल्यांना अगदीच परकी नाही. वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी विजयाबाई मेहतांबरोबर ब्रेख्तच्या नाटकाचा मराठी अवतार, 'अजब न्याय वर्तुळाचा', केला होता. तिथल्या थिएटरांत नट पगारावर असत, वर्षानुवर्षं एकाच संचात राहत, आज इब्सेन तर उद्या गटे किंवा लेसिंग. प्रेक्षकही वेगळ्या कानांचा. वर्तमानपत्रात जे छापून येत नव्हतं ते लोक नाटकातल्या वाक्यांमध्ये शोधायचे. एखाद्या शब्दावर किंचित जोर दिला तरी सभागृहाला अर्थ कळायचा. अशा प्रेक्षकांसमोर घडलेला नट कमीत कमी वापरायला शिकला, यात मला नवल वाटत नाही.

मग आलं 1989. वॉल्टर यांका हे पूर्व बर्लिनमधले मोठे प्रकाशक. 1957 च्या बनावट खटल्यात त्यांना तुरुंगात टाकलं होतं. त्यावरच्या त्यांच्या आठवणी पश्चिम जर्मनीत छापल्या गेल्या, स्वदेशात पुस्तक मिळत नव्हतं. 28 ऑक्टोबरला म्यूहेने डॉइचेस थिएटरच्या रंगमंचावर ते पुस्तक वाचलं. ना वेशभूषा, ना भूमिका. एक माणूस वाचतोय आणि गच्च भरलेलं सभागृह ऐकतंय. आठवड्याभरात, 4 नोव्हेंबरला, आलेक्झांडरप्लाट्झवर नाटकवाल्यांनी पुढाकार घेऊन प्रचंड मोठी सभा घेतली. तिच्या आयोजकांत म्यूहे होता आणि तो तिथे बोललाही. पाच दिवसांनी भिंत उघडली.

त्याच काळात हायनर म्युलर 'हॅम्लेट'च्या तालमी घेत होता, स्वतःचं 'हॅम्लेटमशीन' हे नाटक त्यात मिसळून. प्रयोग सात-आठ तासांचा, हॅम्लेट म्यूहे. तालमी सुरू झाल्या तेव्हा देश जागेवर होता. मार्च 1990 मध्ये पहिला प्रयोग झाला तोवर त्या देशाचे शेवटचे महिने उरले होते. हॅम्लेटच्या राजवाड्यात प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी कान लावून उभं असतं. ज्याच्यावर पाळत आहे त्या माणसाची भूमिका म्यूहेने आधी केली, आणि सोळा वर्षांनी पाळत ठेवणाऱ्याची. मला तर वीसलरची खरी तालीम तिथेच झाली असं वाटतं. शिवाय आपल्यावरही श्टाझीचं लक्ष होतं, हे त्याला पुढे फाइलींतून कळलं होतंच. वीसलरसाठी तयारी कशी केलीत, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, मी आठवलं.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेच्या चित्रपटांबद्दल बोलायलाच हवं. 'फनी गेम्स' (1997) मधला बाप. दोन तरुण घरात घुसतात आणि सुरुवातीलाच गोल्फच्या काठीने त्याचा पाय मोडतात. पुढे जवळजवळ सगळा वेळ हा माणूस जमिनीवर नाहीतर सोफ्यावर पडलेला. बायको-मुलासाठी काही करता येत नाही, ही लाज त्याला बसल्या जागी दाखवायची आहे, आणि ती दिसते. पत्नीच्या भूमिकेत सुझान लोथार, प्रत्यक्षातही त्याची पत्नी. हा चित्रपट पुन्हा पाहण्याची माझी हिंमत झालेली नाही.

आणि जर्मनीतल्या घराघरांत त्याला ओळखायचे ते टीव्हीवरच्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरमुळे. 'देअर लेट्झ्टं झॉयगं' ही मालिका 1998 ते 2007 चालली. ती चालू असतानाही रंगमंच सुटला नव्हता. 2005 मध्ये बर्लिनच्या शाउब्यूनं थिएटरमध्ये ब्रिटिश नाटककार साराह केनच्या 'ब्लास्टेड'मधला इयान त्याने केला.

फेब्रुवारी 2007 मध्ये 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'ला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 22 जुलैला म्यूहे गेला. पोटाचा कॅन्सर, वय 54. जगाने त्याला ओळखलं ते जेमतेम वर्षभर.

त्या चित्रपटाचा शेवट सांगणार नाही, पाहिला नसेल त्यांनी पाहावा. पाहिलाय त्यांना पुस्तकाच्या दुकानातलं ते शेवटचं छोटं वाक्य आठवत असेल. ते कुठल्याही नटाने जड केलं असतं. म्यूहे ते दुकानदाराला उत्तर द्यावं तसं देतो, पुस्तक विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकासारखं.

माझ्या वाचकांच्या यादीत बर्लिनमध्ये राहिलेली बरीच मंडळी आहेत. तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कुणी म्यूहेला रंगमंचावर पाहिलं असेल, डॉइचेस थिएटरमध्ये किंवा शाउब्यूनंमध्ये, तर कृपा करून लिहा. प्रयोग कुठला होता, आवाज मागच्या रांगेपर्यंत कसा यायचा, दुसरा बोलत असताना तो कुठे पाहायचा. मला हे खरंच जाणून घ्यायचंय.