ओल्या पार्टीचे सोवळे

आपले चिरंजीव अमेरिकेतील विद्यापीठात दुसऱ्या वर्षात गेले असतील आणि त्यांच्या फ्रॅटर्निटीने, म्हणजे बहुधा एकाच घरात राहणाऱ्या मुलांच्या विद्यार्थी संघटनेने, त्यांना 'रिस्क मॅनेजमेंट चेअर', म्हणजे पार्ट्यांतील दारूची जोखीम सांभाळणारा, म्हणून निवडून दिले असेल, तर सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. न्यू जर्सीतल्या मित्रमंडळींना आणि पुण्यातल्या आजीला ही बातमी देताना पदाचे नाव इंग्रजीतच सांगावे. ऐकणाऱ्याला ते एखाद्या बँकेतील पद वाटते आणि जोखीम नेमकी कशाची, हे विचारायचे राहून जाते. हे पद आपल्याच मुलाकडे का चालून आले, याचाही फार शोध घेऊ नये. तो अर्ज वेळेवर भरतो, ईमेलला उत्तर देतो आणि मध्यरात्रीनंतरही शुद्धीवर असतो, एवढी पात्रता पुरेशी आहे.

पदाची थोरवी कळण्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असावा. ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली पहिली विद्यार्थी संघटना, फाय बीटा कॅपा, 1776 मध्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे स्थापन झाली आणि तिचा आरंभ रॅले टॅव्हर्न नावाच्या मद्यालयात झाला असे सांगतात, तेव्हा परंपरेच्या अस्सलपणाविषयी शंका नसावी. पुढे 1984 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कायद्याने बजावले की मद्यखरेदीचे किमान वय 21 करा, नाहीतर महामार्गांच्या निधीत कपात होईल. 1988 पर्यंत सर्व राज्यांनी रस्त्यांच्या प्रेमापोटी ते केले. मतदान करू शकणारा आणि सैन्यात जाऊ शकणारा अठरा वर्षांचा मुलगा त्यामुळे बारमधून उठला आणि वय विचारायला कोणीच नसलेल्या फ्रॅटर्निटीच्या तळघरात जाऊन बसला. त्याच दशकात विमा कंपन्या या घरांना नको म्हणू लागल्या, म्हणून 1987 मध्ये काही फ्रॅटर्निटींनी एकत्र येऊन विमा खरेदीचा गट काढला आणि त्या गटाने पार्टीचे नियम लिहिले. आज मद्यपानाविषयीचा बदललेला दृष्टिकोन म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा पहिला मसुदा असा विम्यासाठी लिहिला गेला. हे आपण जाणून असावे, चारचौघांत बोलू नये.

सध्याचे सोवळे 2018 चे आहे. नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या शिखर संघटनेने त्या वर्षी ठराव केला की 15 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय फ्रॅटर्निटीच्या घरात येणार नाही, आणि आलेच तर ते परवाना असलेल्या बाहेरच्या विक्रेत्याने दिलेले असेल; सदस्य संघटनांना त्यासाठी 1 सप्टेंबर 2019 पर्यंतची मुदत मिळाली. आपल्या आजीला हे समजावणे मुळीच अवघड नाही. बिअर सोवळ्यात, व्होडका ओवळ्यात, आणि परवानाधारकाचा हात लागला की तीच व्होडका पुन्हा सोवळ्यात.

पार्टीच्या रात्री चिरंजीव दारातल्या घडीच्या टेबलापाशी उभे असतील. ज्याने 21 पूर्ण केली, त्याच्या मनगटाला कागदी पट्टा लावायचा. ज्याने केली नाहीत, त्याच्या हातावर काळ्या मार्करने मोठी फुली मारायची. पट्टेवाल्याने आणलेला सहा कॅनचा खोका ताब्यात घेऊन त्यावर नाव लिहायचे आणि त्याच्या कार्डाला एकेक भोक पाडत त्याचाच कॅन त्याला परत द्यायचा. हे सर्व साग्रसंगीत व्हावे, कारण फोटो याच टेबलाचे काढले जातात. हातावरची फुली सॅनिटायझरच्या दोन थेंबांनी निघते, हे त्यांनी पाहू नये. वरच्या मजल्यावर दार लावलेल्या खोलीत पाहुणे पार्टीआधीचे 'प्रीगेम' उरकून आलेले असतात, आणि खाली काही मिळणार नाही या धास्तीने त्यांनी ते घाईघाईने उरकलेले असते. तीही कार्यक्षेत्राबाहेरची बाब समजावी.

कन्या सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या अशाच संघटनेत, असेल तर आपली काळजी निम्म्याने कमी झाली. सोरोरिटींची घरे मद्याच्या बाबतीत फार पूर्वीपासून निर्मळ आहेत, आणि भरतीच्या आठवड्यात मुले, मद्य, धर्म, राजकारण व पैसा हे विषय काढू नयेत असे मुलींना शिकवले जाते. निर्मळ घरातून निघून मुली फ्रॅटर्निटीच्या घरी पितात. दारू कोणती, ती पेल्यात कोणी ओतली आणि परतीची वाट कोणाच्या हाती, हे सारे मग मुलांच्या घरी ठरते. मुलींच्या घराचा दाखला मात्र स्वच्छ राहतो.

दाखला स्वच्छ असणे किती मोलाचे, हे 2017 या वर्षाने दाखवून दिले. फेब्रुवारीत पेन स्टेट विद्यापीठातील एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना पाठोपाठ दारू पाजण्याचा विधी झाला. त्यातला 19 वर्षांचा एक मुलगा तळघराच्या जिन्यावरून कोसळला आणि रुग्णवाहिका बोलवायला घरातल्या भावांनी, हो, तिथे सदस्य एकमेकांना भाऊच म्हणतात, जवळजवळ बारा तास घेतले. तो वाचला नाही. ते घर कागदोपत्री मद्यमुक्त होते. सप्टेंबरमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात 18 वर्षांचा मुलगा असाच गेला, तोही 2000 सालापासून आपली घरे मद्यमुक्त ठेवणाऱ्या फ्रॅटर्निटीत. तेव्हा चिरंजीवांना सांगावे की कोणी बेशुद्ध पडल्यास 911 ला फोन करण्याची घाई नको. आधी अध्यक्षांना विचारावे, त्यांनी सल्लागार असलेल्या माजी सदस्याला विचारावे, दरम्यान पोरगा उताणा झोपू नये म्हणून त्याच्या पाठीवर दप्तर बांधून ठेवावे. मदतीसाठी फोन करणाऱ्या अल्पवयीनावर मद्यपानाची कारवाई करायची नाही, असे कायदे अनेक राज्यांत आहेत. पण ते मुलांना वाचवतात, चॅप्टरची, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या त्या विद्यापीठातील शाखेची, मान्यता वाचवत नाहीत.

एवढ्या सोवळ्याला न जुमानणारी पिढी आता मात्र आपणहूनच पिईनाशी झाली आहे. गॅलपच्या 2025 च्या पाहणीत मद्य घेतो असे सांगणारे प्रौढ अमेरिकी 54 टक्के निघाले, 1939 पासूनचा हा नीचांक, आणि 18 ते 34 या वयोगटात तर प्रमाण 50 टक्क्यांवर आले. (फ्रॅटर्निटीच्या घरात राहणारी मुले इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक पितात, असे संशोधक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, पण आनंदाच्या प्रसंगी ते काढू नये.) मनगटावरचे घड्याळ सकाळी झोपेचे गुण दाखवते आणि दोन बिअरनंतर ते गुण कसे घसरले हेही सांगते; शिवाय जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरतो. लाल प्लास्टिकच्या पेल्यात सोडा आणि लिंबाची फोड घेऊन मुलगा रात्रभर उभा राहतो, कोणाला काही कळत नाही. काही जण गांजाच्या गोळ्यांकडे वळले आहेत. त्यांत अल्कोहोल शून्य टक्के असल्यामुळे 15 टक्क्यांचा नियम कसोशीने पाळला जातो. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, आलेल्या 1992 च्या तुकडीतील काकांनी बिअरचे पिंप कुठे आहे असे विचारल्यास चिरंजीवांनी त्यांना नम्रपणे टेबलापाशी नेऊन पट्टा बांधावा, आणि या परिवर्तनाचे श्रेय वार्षिक अहवालात फ्रॅटर्निटीच्या मूल्यांना द्यावे.

राहिला प्रश्न आपल्या घराचा. फ्रॅटर्निटीच्या विम्याचे छत्र सहसा नियम पाळणाऱ्यांसाठी असते आणि दुर्घटना बहुधा नियम मोडूनच होते, त्यामुळे दावा दाखल झाला की वादीचे वकील सदस्यांच्या आईवडिलांच्या गृहविम्याकडे वळतात, आणि सदस्यांत जोखमीची जबाबदारी लेखी घेतलेला तो आपला. पॉलिसीतील दायित्वाची रक्कम आजच वाढवून घ्यावी. डिसेंबर 2024 च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना रॅगिंगची आकडेवारी जाहीर करणे भाग पडले आहे, म्हणून चिरंजीवांनी बायोडेटात 'कार्यकाळात शून्य घटना' असे ठळक लिहावे. घटना घडल्या नाहीत की नोंदवल्या गेल्या नाहीत, हे मुलाखत घेणारा विचारणार नाही. तो स्वतः विद्यार्थिदशेत कुठल्याशा चॅप्टरचा रिस्क मॅनेजमेंट चेअर असण्याची शक्यता बरीच आहे.