टपाल तिकिटाएवढी हार्डडिस्क? आधी भागाकार करू

जून 2025 पासून एक दावा फिरतोय: एका रेणूत एक बिट, चौरस सेंटीमीटरला 3 टेराबाइट, म्हणजे टपाल तिकिटाएवढ्या हार्डडिस्क आल्याच. मुळाशी मँचेस्टर विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं डिस्प्रोशियम या धातूच्या, चुंबकासारख्या वागणाऱ्या रेणूवरचं संशोधन आहे. ते अस्सल आहे. घोळ पुढच्या निष्कर्षांत आहे.

"3 टेराबाइट मावतात"
3 टेराबाइट म्हणजे 24 लाख कोटी बिट. चौरस सेंटीमीटरमध्ये 100 लाख कोटी चौरस नॅनोमीटर. बिटच्या वाट्याला जेमतेम 4, म्हणजे दर 2 नॅनोमीटरला एक बिट. रेणू तेवढ्यात बसतो. त्याच्यापर्यंत पोचणारी तार किंवा वाचणारं-लिहिणारं हेड बसत नाही. 2007 च्या 160 किलोबिट रोटॅक्सेन (दांड्यावर कडं ओवलेला, विजेवर स्विच होणारा रेणू) मेमरीत 400 सिलिकॉन तारांवर 400 टायटॅनियम तारा आडव्या टाकल्या होत्या, दर 33 नॅनोमीटरला एक. प्रत्येक छेदावर शंभरेक रेणू, आणि ते सगळे मिळून एकच बिट! घनता ठरवली ती तारांनी.

"तापमानाचा प्रश्न सुटला"
हा रेणू 100 केल्विनपर्यंत चुंबकीय स्मृती दाखवतो, म्हणजे उणे 173 अंश सेल्सिअसपर्यंत. आधीच्या 80 केल्विनपेक्षा ही झेप मोठी, आणि द्रव नायट्रोजनवर भागतं हेही खरं. पण हिस्टेरेसिसचा (क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व मागे उरण्याचा) लूप आलेखावर उघडा दिसला म्हणजे डेटा टिकला असं होत नाही. चुंबकीय क्षेत्र सावकाश बदललं की तोच लूप आक्रसतो. ब्लॉकिंग तापमानाचा (ज्याच्या खाली रेणूचं चुंबकत्व टिकतं असं मानतात) रूढ निकष 100 सेकंदांचा आहे. हार्डडिस्कला वर्षं लागतात. शिवाय मोजमाप असंख्य रेणूंच्या नमुन्याचं आहे, सुट्या रेणूवर लिहून वाचल्याचं नाही.

"विजेवर चालणारे रेणू-स्विच कधीच सिद्ध झालेत"
इथे सर्वाधिक फसगत होते. एकरेणवीय (एका रेणूएवढ्या जाडीच्या) थरावर वरची तार घडवायला धातूची वाफ बसवताना टायटॅनियम सेंद्रिय रेणूंशी अभिक्रिया करतं, आणि थरात छिद्रं असतील तर धातू त्यांतून खाली उतरतो. मग व्होल्टेज दिलं की धातूचा तंतू बनतो-तुटतो आणि आलेखावर हुबेहूब स्विच दिसतो. 2004 मध्ये एचपीच्या संशोधकांनी प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांच्यामध्ये रोटॅक्सेनऐवजी आयकोसॅनोइक आम्ल, म्हणजे साधं मेदाम्ल, घातलं. स्विचिंग तसंच झालं.

म्हणून तीन तपासण्या हव्यातच. स्विच न होणाऱ्या रेणूचं तसंच उपकरण बनवून तुलना करा. छेदाचं क्षेत्रफळ चौपट करा: प्रवाह साधारण चौपट वाढला तर तो थरातून वाहतोय, तेवढाच राहिला तर तंतूचा संशय. मग नमुना थंड करा. ऑन स्थितीचा रोध घटत गेला तर मध्ये धातू आहे.

"आता फक्त उत्पादन बाकी"
2007 च्या त्या चिपवर तपासलेल्या बिटांपैकी सुमारे पाव कामाचे निघाले, तेही दहाएक फेऱ्यांत निकामी झाले. साध्या फ्लॅशवर हजारभर वेळा तरी लिहिता येतं.