‘दोन फटके दिले की पोरगं सरळ’ : फिरत्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

शाळा सुरू झाल्यापासून एक मेसेज आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, मुंबईकर मंडळाचा ग्रुप, पालकांचा, अगदी नमन मंडळाचासुद्धा. मजकूर थोडक्यात असा : ‘आमच्या वेळी एडीएचडी, डिप्रेशन असलं काही नव्हतं. गुरुजींनी दोन फटके दिले की पोरगं सरळ. आता कायद्याने मास्तरांचे हात बांधले आणि पोरं शेफारली. दोष मोबाईलचा आणि लाडावणाऱ्या आईबापांचा. एका वांड पोरापायी बाकीच्या तीस पोरांचं नुकसान कशाला? अशांना वेगळ्या शाळेत घाला. डॉक्टरकडे नेलंत तर गोळ्या देऊन गुंगीत ठेवतील. पटलं तर पुढे पाठवा.’

पटलेले बरेच दिसतात. मी दापोली-गुहागर पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते, आणि मेसेजातली ‘अशी’ पोरं माझ्या वर्गात रोज बसतात. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’

होतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चुळबुळ आणि उतावळेपणा यांचा विकार. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती : बुद्धीने बरी, पण एका जागी न टिकणारी, रागावर ताबा नसलेली, शिक्षा केली तरी तेच पुन्हा करणारी. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याच्या आजोबांच्या काळातली गोष्ट. आपल्याकडेही ही पोरं होतीच, फक्त वर्गात उरत नव्हती. कुणी तिसरीतून सुटलं आणि हर्णैच्या बंदरात होडीवर लागलं, कुणी कलमांच्या राखणीला बसलं, कुणाला मामाने मुंबईत खाणावळीत चिकटवलं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जे आहेत ते दहावीपर्यंत टिकलेले. जे टिकले नाहीत त्यांना त्या ग्रुपात कुणी घेतलेलंच नाही, मग ‘नव्हतं’ असंच वाटणार. गावातल्या जुन्या शाळेचं हजेरीपत्रक सापडलं तर पहिलीची नावं आणि सातवीची नावं शेजारी ठेवून पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाचं प्रत्येक मूल शाळेत असायला हवं असं ठरलं, म्हणून आज ती डोळ्यांसमोर आहेत.

‘दोन फटके दिले की सरळ.’

मेसेजचा जीव या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींवर बंदी घातली. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याआधी ‘हात मोकळे’ होते तेव्हा काय चालायचं? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालछळाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. तीनातली दोन. फटक्याने पोरं सरळ होत असती, तर तो काळ शिस्तीचा सुवर्णकाळ ठरला असता. घरातल्या फटक्यांवरही पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले गेले, सुमारे एक लाख साठ हजार मुलांचे. ज्यांना फटके जास्त, त्यांच्यात आक्रमकपणा आणि मानसिक त्रासही जास्त, असं त्यात दिसलं. आज्ञाधारकपणा वाढल्याचं दिसलं नाही.

पण आकडे बाजूला ठेवा. फटका का चालत नाही हे वर्गात दिसतं. दुसरीतला एक पोरगा घ्या (चार-पाच पोरांवरून जुळवलेला आहे, कुणाचाही शोध घेऊ नका). शेजारच्याला चिमटे काढतो, दप्तर भिरकावतो, बाईंना उलट बोलतो. वांड, विषय संपला. आता एका वहीत तीन रकाने आखायचे : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दोनेक आठवडे, तारीख-वेळेसह. मग दिसतं की गणिताला तो शांत असतो, खेळाच्या तासाला तर मदतच करतो. चिमटे निघतात ते मराठीच्या तासाला, तेही प्रकट वाचनाची पाळी त्याच्या रांगेपर्यंत आली की. आणि नंतर काय मिळतं? बाई ओरडतात आणि व्हरांड्यात उभं करतात. वाचन टळलं! आपण ज्याला शिक्षा म्हणतो, ती त्याला हवीच होती. सगळ्यांसमोर अडखळून हसं होण्यापेक्षा दोन फटके त्याला स्वस्त पडतात. उद्या तो पुन्हा चिमटा काढणार, कारण कालचा चिमटा उपयोगी पडला.

याचं खरं दुखणं वाचनाचं आहे. त्याला उद्याची दोन वाक्यं आज देऊन ठेवायची, अचानक उठवायचं नाही, जोडीने वाचायला लावायचं. अडलं तर दप्तर न फेकता मदत कशी मागायची हे वेगळं शिकवावं लागतं. हात वर करणं किंवा पाटी उभी करणं, काहीही ठरवा. त्याने तसं केलं की लगेच, नाव घेऊन, नेमकं सांगायचं : ‘अडलं तेव्हा हात वर केलास, बरं केलंस.’ नुसतं ‘शाब्बास’ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरीही वाचन जमत नसेल तर ते अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी बरी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) लक्षण असू शकतं, आणि ते तिसरीच्या आसपास तपासून घ्यायला हवं.

एक गोष्ट कुठल्याच शिक्षण परिषदेत मला कुणी नीट सांगितली नव्हती. व्हरांड्याची वाट बंद केली की पहिले काही दिवस पोराचं वागणं सुधारत नाही, बिघडतं. जुनी युक्ती चालेना म्हणून तो ती जोरात वापरून बघतो. बहुतेक शिक्षक इथेच हात टेकतात आणि ‘हे पुस्तकी आहे, आपल्याकडे चालत नाही’ म्हणतात. खरं तर तेव्हाच ते चालू लागलेलं असतं.

‘मास्तरांचे हात बांधले’ यात मात्र तक्रारीला जागा आहे. छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय करायचं याचं शिक्षण द्यायला सरकार विसरलं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहित्या. तीन रकान्यांची वही भरायला दहा मिनिटं सापडणं कठीण असतं, हे मी जाणते. ही तक्रार कायद्याविरुद्ध करू नका, प्रशिक्षणाच्या नावाने चालणाऱ्या सोपस्काराविरुद्ध करा. मी सही करेन.

‘दोष आईबापांच्या लाडांचा.’

कुठल्या आईबापांच्या? आमच्या वाडीत निम्मी पोरं आजी-आजोबांकडे आहेत. आईबाप विरार, दिवा, नालासोपाऱ्याला. गणपतीत ते येतात, घर भरतं, आणि विसर्जन झालं की एका रात्रीत रिकामं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात चावे, बोचकारे, भांडणं वाढतात. शिमग्यानंतरही तेच. बंदरालगतच्या पोरांचं वेळापत्रक निराळं : जून-जुलैत मासेमारी बंद, बाप घरी, ऑगस्टमध्ये होड्या गेल्या की पोरगं पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवू लागतं. याला लाड म्हणायचं की शेफारणं? कॅलेंडरवर हे दिवस आधीच खूण करून ठेवता येतात. त्या आठवड्यात चाचणी ठेवायची नाही, आजीला शाळेत बोलावून घ्यायचं, मुंबईच्या फोनची वेळ रोज एकच ठेवायला सांगायचं. ठरलेल्या वेळेला फोन येतो हे कळलं की पोराचा दिवस बराच सावरतो.

हेच दुःख सगळी पोरं आरडाओरडा करून दाखवत नाहीत. एखादी मुलगी घरी पोपटासारखी बोलते आणि शाळेत महिनोन्महिने तोंड उघडत नाही. मेसेजात ती कुठेच नाही, कारण तिचा कुणाला त्रास नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. त्यातल्या कितीकांना आपण ‘गरीब स्वभावाची’ म्हणून सोडून दिलं असेल!

मोबाईलचं एका वाक्यात : झोप आणि खेळ खातो म्हणून वाईटच, पण १९०२ साली तो नव्हता.

‘गोळ्या देऊन गुंगीत ठेवतील.’ पहिलं म्हणजे प्रत्येक चुळबुळ्या पोराला एडीएचडी नसतो. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, कमीत कमी सहा महिने टिकलेली, आणि घरी व शाळेत अशी दोन ठिकाणी दिसलेली हवीत. म्हणून तर डॉक्टर शिक्षकाचं म्हणणं मागतात. नुसतं शाळेतच दिसत असेल तर दोष शाळेत शोधावा. दुसरं, एडीएचडीसाठी बहुधा दिलं जाणारं मेथिलफेनिडेट गुंगीचं औषध नाही, उलट उत्तेजक गटातलं आहे. त्याने लक्ष टिकायला मदत होते. भूक कमी होणं, झोप उडणं असे त्याचे त्रास आहेत, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं. लहान वयात आधी पालकांनाच वागणूक हाताळायला शिकवतात.

मेसेजखाली एकाने ‘देवाला कौल लावा’ असंही लिहिलंय. लावा की, कुणी अडवत नाही. पण बाहेरचं आहे म्हणून पोराला मारहाण कराल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

‘एका पोरापायी तीस पोरांचं नुकसान.’

हे वाक्य खोटं नाही. ज्याच्या कपाळाला दगड लागला त्याच्या आईला ‘जरा समजून घ्या’ एवढंच सांगून भागत नाही. तिला त्याच दिवशी, शाळेने स्वतःहून, काय झालं आणि उद्यापासून काय बदलणार हे सांगायला हवं. पोरगं भडकलेलं असताना आधी बाकीच्यांना दूर न्यायचं, त्याच्याशी कमीत कमी बोलायचं; उपदेश आणि जाब नंतर, तो थंड झाल्यावर. फळ्यावर दिवसाचा क्रम लिहिणं, एका वेळी एकच सूचना देणं, मधेमधे उठून करायची कामं ठेवणं, यातलं सगळं बाकीच्या तीसांनाही मानवतं.

आणि काढून घालणार कुठे? प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, मानसिक आजार त्यात येतात, आणि अशा मुलांना इतरांसोबत शिकवणं हे शाळेचं कर्तव्य ठरवलंय. कायदा नसता तरी प्रश्न तोच. विशेष शाळा आहेत त्या शहरांत, बौद्धिक अक्षमता किंवा कर्णबधिरांसाठी. वाचता येत नाही म्हणून चिमटे काढणाऱ्या पोराचं तिथे काय काम?

उरला मदतीचा प्रश्न. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना रत्नागिरीचं मनोरुग्णालय आठवतं आणि विषय बंद होतो. पण सुरुवात तिथून करायची नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. आपण त्यांना दात, डोळे आणि रक्त तपासणारे समजतो. पण त्यांच्या यादीत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि एडीएचडीसुद्धा आहे. पथक येण्याआधी अशा पोरांची नावं आणि ती तीन रकान्यांची वही तयार ठेवली, तर पाच मिनिटांच्या तपासणीत ती निसटत नाहीत आणि अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार जिथे होतात त्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळू शकते. आजीला एसटीने जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा तारीख ठरवून दोन-तीन पोरं एकदम नेणं बरं. एकटं बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

गट साधन केंद्रातले (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षक आपल्या शाळेवर किती वेळा आले, हे विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे, आणि तिच्यात ७५ टक्के पालकच असतात. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या समितीवर आहेत. येत्या सभेत एक ठराव करा : विशेष शिक्षकाची भेट महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सूचक कुणी मिळेना तर माझं नाव घाला. अनुमोदक पालकांतला हवा.