बर्फात घाम कशाला येतोय?

डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक करायचा ठरला, पैसे भरले आणि ट्रेकवाल्यांची सामानाची यादी आली. बूट, काठी, हेडटॉर्च यांवर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे अडले ते एका ओळीवर : 'बेस लेयर, दोन जोड. सुती चालणार नाही.' बेस लेयर म्हणजे अंगालगत घालायचा, सगळ्यात आतला कपडा.

"सुती का नाही?" आईने विचारलं. आमच्या घरात सुती कपड्याबद्दल वाईट बोलायची पद्धत नाही. मी समजावू लागलो. चढताना घाम येतो. सुती कापड तो पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. मग दम खायला थांबलं, की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जोरात उष्णता पळवतं. म्हणून सगळ्यात आतला कपडा घाम उचलून बाहेर ढकलणारा हवा. ऊब द्यायचं काम त्यावरच्या कपड्यांचं.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण बर्फात घाम कशाला येतोय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पाठीवर बोजा घेऊन, साडेबारा हजार फुटांच्या शिखराकडे पहाटेच्या अंधारात निघालेला माणूस जॅकेटच्या आत निथळत असतो, हे पुण्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखाली बसलेल्या बाईला पटणं कठीणच. "स्वेटरच्या आत दोन बनियनं घाल," असा निकाल देऊन ती कुकर लावायला गेली.

दुकानातला मुलगा जेमतेम विशीतला, पण अधिकारवाणीने बोलणारा. "मेरिनो की पॉलिस्टर? दीडशे जीएसएम की अडीचशे?" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मेरिनो ही मेंढीची जात. तिच्या लोकरीचा तंतू इतका बारीक, की अंगाला टोचत नाही. (आपल्याकडचं घोंगडं उघड्या अंगावर घेऊन पाहिलेल्यांना यातली थोरवी लगेच कळेल.) ही लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते, तरी ओली वाटत नाही आणि बरेच दिवस वासही मारत नाही. मी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. एसीतसुद्धा घाम येतो हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. आईला सोबत आणायला हवं होतं.

पॉलिस्टर स्वस्त. पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे झटकन वाळतं. घामाचा वास मात्र ते फार मायेने जपून ठेवतं, आणि तंबूत आपण एकटे झोपत नसतो.

"घालून बघा. अंगाला चिकटून बसलं पाहिजे, नाहीतर घाम उचलणार कसा?" मुलाचं शास्त्र बिनचूक होतं. पण शास्त्राला पोट नसतं. आरशात मी नव्हतोच, माझा वैद्यकीय अहवाल उभा होता. त्यात उकाड्याने अंग ओलं झालेलं. काढताना शर्ट डोक्यापर्यंत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. दोन्ही हात वर, डोळ्यांपुढे काळोख, अन् बाहेरून आवाज : "सर, बसलं का?"

"बसलंय," मी आतून म्हणालो. "निघत नाहीये."

शेवटी तडजोड केली. चालायला पॉलिस्टर, झोपायला कोरडं मेरिनो. चालायचा जोड रात्री अंगावर ठेवायचा नाही, हा नियमही त्या मुलानेच शिकवला.

बाबा या सगळ्यात कुठेच नव्हते. जेवताना मी सहज सांगितलं, की १९३३ साली हेन्रिक ब्रून नावाच्या एका नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन बनवलं. भोकांत हवा कोंडून राहते, तिची ऊब मिळते, आणि घाम मोकळा बाहेर जातो. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतसुद्धा अशी बनियनं होती.

बाबांचा घास हातातच थांबला. "म्हणजे जाळीचं?"

"हो."

"आणि तू मला सांगतोस, दार उघडायला जाताना वर शर्ट घाला म्हणून!"

तेव्हापासून कुरियरवाला असो की जावई, बाबा छाती काढून जाळीत दार उघडतात. काल तर सोसायटीच्या मीटिंगलाच तसे निघाले. आईने त्यांना जिन्यात गाठलं.

"एव्हरेस्टला चालतं," बाबा म्हणाले, "तुमच्या बी विंगला का नाही चालत?"