सरासरी कळते, मूल कुठे अडलं ते कळत नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात माझी सात मुलं. एप्रिलमध्ये संकलित चाचणी 2, म्हणजे वर्षअखेरची चाचणी झाली, उत्तरपत्रिका तपासल्या, गुण ऑनलाइन भरले. त्यानंतर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचा तुलनात्मक तक्ता पडद्यावर दाखवला गेला. गणितात आमची शाळा लाल रंगात होती.

हिशोब सांगते. सहा मुलांची सरासरी 30 पैकी 24, म्हणजे 80 टक्के. सातव्या मुलीला 3 गुण. सगळ्यांची मिळून सरासरी 21, म्हणजे 70 टक्के. एका मुलीमुळे दहा टक्के खाली. साठ मुलांच्या वर्गात हा फरक दिसलासुद्धा नसता. वीसच्या आतल्या पटाच्या हजारो शाळा महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या सरासरीशेजारी पट किती तेही लिहिलेलं नसतं.

ही मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि मार्चअखेर परत आली. तुलनेच्या रकान्यात तिच्यासमोर फक्त 'घसरण' आली. पाच महिने ती शाळेतच नव्हती, हे सांगायला रकाना नाही. मला कुणीतरी आपुलकीनेच सुचवलं, "मॅडम, तिला गैरहजर दाखवायचं होतं." याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. शाळांची क्रमवारी लावली की कच्चं मूल आकड्यातून वगळायचा मोह होतो, आणि तेच मूल मदतीच्या यादीतूनही जातं.

तिचे ते 3 गुण कशाचे होते? किलो-ग्रॅमच्या शाब्दिक उदाहरणाचे, जे वर्गातल्या दोन हुशार मुलांचं चुकलं होतं. फडात मोळ्या आणि टन ऐकत राहिलेली पोर ती, वजन तिला कळतं. हे मला उत्तरपत्रिका हातात घेतल्यावर दिसलं.

सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. 2015 मध्ये राज्याचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आणि शाळांची माहिती ऑनलाइन भरायची सरल प्रणाली आली, तेव्हापासून मी गुण भरतेय. 2023-24 पासून केंद्र सरकारच्या स्टार्स या शिक्षण प्रकल्पातल्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या: पायाभूत, मग दोन संकलित, भाषा, गणित, इंग्रजी. गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे राज्यभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या, चॅटबॉटवर भरायचे. इतकी माहिती गोळा होते ही मोठीच गोष्ट आहे. पण माझ्यापर्यंत परत काय येतं? टक्केवारी, रंग आणि क्रमांक. सोमवारी वर्गात काय शिकवू, याचं उत्तर त्यात नसतं.

म्हणून मी स्वतःच एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या ओळीत मुलं, आडवे प्रश्न, आणि चूक असेल तिथे मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं. 403 वजा 168 या प्रश्नाखाली चार मुलांसमोर एकच उत्तर होतं, 365. बघा काय केलंय: आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेलं सहा, चारातून एक गेला तीन. खालचा अंक मोठा दिसला की उलटं वजा केलं. चौघांचीही चूक एकच, आणि त्यातल्या दोघांना एकूण गुण 25 च्या वर! सरासरीत ती कधीच सापडली नसती.

मग आगपेटीच्या काड्या काढल्या. शंभराचे चार गठ्ठे, सुट्या तीन, दशकाचा एकही नाही. "आठ काढायचेत, कुठून आणू?" एकाने शंभराचा गठ्ठा सोडला, त्यात दहाचे दहा जुडगे निघाले, मग त्यातल्या एका जुडग्याचा रबर काढला. सुट्या तेरा झाल्या. शून्याच्या घरात नऊ कुठून आले ते त्या दिवशी त्यांना दिसलं. दोन तासिका लागल्या.

शिक्षण हक्क कायद्यात 2009 पासून सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन लिहिलंय, ते मुलाला किती समजलं यासाठी. मग सॉफ्टवेअरने मुलाची तुलना आधी त्याच्याच मागच्या चाचणीशी करावी. प्रश्नावार चुका दाखवाव्यात. सरासरीशेजारी पट आणि स्थलांतरित मुलांची संख्या ठेवावी. शाळाशाळांची तुलना करायचीच असेल तर समान परिस्थितीतल्या शाळांची करा, आणि ती मदत कुठे पाठवायची हे ठरवायला वापरा. पडद्यावर रंगवून दाखवायला नको.

जूनमध्ये ती मुलगी पाचवीत येईल. तिची उत्तरपत्रिका मी कपाटात जपून ठेवली आहे, पायाभूत चाचणी झाली की दोन्ही शेजारी ठेवून बघणार आहे. एक्सेलचा तक्ता कुणा शिक्षकाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, कोरा पाठवते. मुलांची नावं असलेला पाठवणार नाही.